आत्या मत द्यायला विसरली नव्हती

आत्या, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. बाबा पिंड ठेवून पुरते मागेही सरले नव्हते. सीनेचं पात्र कोरडं पडलंय, घाटावर सावली कुठेच नाही, त्यामुळे जमलेल्यांना बरंच वाटलं. "समाधानी बाई," कुणीतरी म्हणालं. "मागं काही राहिलं न्हवतं तिचं." माणसं चपला शोधायला लागली.

मला आईकडे बघवलं नाही. ती आदल्या दिवसापासून मनाशी ठरवून आली होती. दहाव्याला कावळा ताटकळत ठेवतो, मग एकेक जण पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतो, हे तुझं करू, ते बघू, म्हणून. तशी वेळ आली की आई पुढे होणार होती आणि सगळ्या गल्लीसमोर सांगणार होती, "वन्सं, गेल्या वर्षी तुमचं मत मी दिलं. तुम्ही विसरला न्हवता." तिने मला ते दोनदा म्हणून दाखवलं होतं, पदराचा शेव बोटाला गुंडाळत. कावळा आला आणि ती तोंड उघडेपर्यंत सगळं संपलं. तू आम्हाला तेवढीही सवड दिली नाहीस.

म्हणून हे लिहिते आहे. इथल्या साप्ताहिकाने जागा देऊ केली आहे. तू कुठे जन्मलीस, कधी विधवा झालीस, सोनईहून भावाकडे नगरला कधी आलीस, हे गल्लीला ठाऊक आहे. गल्लीला जे चुकीचं ठाऊक आहे तेवढंच मला लिहायचं आहे.

मला आठवतं तेव्हापासून निवडणूक म्हणजे तू. देशाच्या पहिल्या निवडणुकीला मी तुझ्या कडेवर होते म्हणे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर त्याचं चित्र चिकटवलेलं. गल्लीतल्या बायकांनी चित्राला हळदकुंकू वाहिलं आणि कागद आत न टाकता पेटीवर ठेवून नमस्कार करून आल्या. "देव बसवलेत आत," त्या बाहेर येऊन सांगत होत्या. तू दारात उभी राहून ओरडत होतीस, "अगं, आत टाका! वर न्हाई, आत!" ही गोष्ट सांगताना तू स्वतःच इतकी हसायचीस की शेवट आईला सांगावा लागायचा.

त्याच वेळी तुला कळलं की कितीतरी बायका यादीतच नाहीत. नाव लिहायला आलेल्या परक्या पुरुषाला त्यांनी नाव सांगितलं नव्हतं. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असं सांगितलं, आणि अशा नोंदी पुढे खोडून टाकल्या गेल्या. पुढच्या वेळी तू त्या माणसाबरोबर दारोदार फिरलीस. मग पेट्या गेल्या आणि एकच मोठा कागद आला, शिक्का मारायचा. तू बाटलीचं बूच कुंकवात बुडवून रद्दीच्या कागदावर बायकांकडून शिक्के मारून घेतलेस. त्यानंतरच्या खेपेला दोन रंगांचे दोन कागद होते. "ह्यो दिल्लीचा, ह्यो मुंबईचा. दिल्लीचा मुंबईच्या पेटीत घातला तर दोन्हीकडं बोंब," असं तू शिकवलंस. गेल्या वर्षी एकच कागद मिळाला तेव्हा बायका रांगेतच तुझ्याशी भांडल्या, "आमचा मुंबईचा कागद कुनी खाल्ला?"

तुझ्या पक्षाची माणसं दर वेळी पडली. शहरात तुमच्या बाजूला मतं बरी पडायची, मग रात्र चढेल तशा खेड्यापाड्यांतल्या, साखर कारखान्याकडच्या पेट्या उघडायच्या आणि तुझा चेहरा उतरायचा. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा चूल सारवायला बसायचीस. "नगर काय म्हणतं ते कुनी ऐकत न्हाई गं. पन म्हनायचं तर पायजे."

पण तुझं खरं काम निराळंच होतं, आणि त्याला कुठल्याही पक्षात नाव नव्हतं. टेबलामागचा कारकून बाईला विचारायचा, "नवऱ्याचं नाव?" आणि बाई मुकी व्हायची. नवऱ्याचं नाव परक्या पुरुषासमोर कसं घ्यायचं? मागे रांग खोळंबायची. मग तू ते सांगायचीस. गल्लीतल्या प्रत्येक नवऱ्याचं नाव तुला पाठ होतं आणि ती नावं तू खणखणीत घ्यायचीस, कारण त्यातला कुणीच तुझा नवरा नव्हता. सोनारीणकाकूंचा किस्सा तर तू लग्नाकार्यात सांगायचीस. कारकुनाने विचारलं, काकू म्हणाल्या, "त्ये न्हाई का, लंकेला गेल्ते."

"हनुमंत?"

"अवो न्हाई! त्येंचे मालक!"

"रामभाऊ लिवा," तू मागून म्हणालीस, "आन् लवकर लिवा, तिची आमटी जळायलीय."

एकच नाव तू कधी घेतलं नाहीस. तुझी वेळ यायची ती सगळ्यात शेवटी, गल्लीतली शेवटची बाई परत गेली की. तेव्हा तुझ्या शेजारी आई उभी असायची आणि तुझ्या नवऱ्याचं नाव ती सांगायची. बाबा तुझे धाकटे भाऊ, म्हणून आईसाठी बाबांचं नाव तू सांगायचीस, आणि तुझ्यासाठी तुझ्या नवऱ्याचं नाव आई. नणंद-भावजयीची ही अदलाबदल पहिल्या निवडणुकीपासून चालत आली होती. घरात तुमचं मिठावरून भांडण झालेलं असलं तरी त्या टेबलाशी तुम्ही दोघी बरोबर असायचात.

मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. मी इंग्रजी शाळेत शिकले, नन्सच्या हाताखाली. एकदा तुला म्हणाले होते, "ज्या बाईला नवऱ्याचं नावसुद्धा घेता येत नाही, ती खासदार काय निवडणार?" तू तांदूळ निवडत होतीस. सूप न थांबवता म्हणालीस, "मडम, शिक्का हातानं मारायचा असतो. तोंडानं न्हाई." मी यावर काहीतरी लांबलचक उत्तर दिलं होतं. ते मला आता आठवत नाही. तुझं आठवतं.

गेल्या वर्षी माझं पहिलं मत होतं. तू मला आठवडाभर आधी सांगून ठेवलंस, "यंदा माझ्या मालकांचं नाव तू सांगायचंस. तुझी आई दमली आता. आन् तुझा आवाज कुनी ऐकला न्हाई अजून." मी हो म्हणाले. मनात भीती होती.

त्या दिवशी ऊन चढायच्या आत तू टांगा घेऊन भिंगारला गेलीस. आपल्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या काकू तिथे लेकीकडे राहायला गेल्या होत्या, त्यांना मताला आणायला. "तुमी दोघी थांबा, मी आलेच," असं सांगून गेलीस. पण बाबांनी घाई केली, उन्हाआधी उरकून या म्हणाले, आणि आई व मी निघालो. रांगेत आई पुढे होती, मी तिच्या मागे. टेबलाशी फार गर्दी होती. कारकुनाने घर नंबर विचारला, आईने सांगितला. यादीत त्या घरात नवऱ्याचं नाव लावलेल्या बायका दोन, तू आणि आई. त्याने मान वर न करता विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

आईने सवयीने बाजूला पाहिलं. तिथे तू नव्हतीस. मग तिने मागे माझ्याकडे पाहिलं.

बाबांचं नाव मी घेऊ शकत होते. मला कुठलाच रिवाज आडवा येत नव्हता. मी ते शाळेच्या वह्यांवर हजार वेळा लिहिलंय. पण चार परके पुरुष माझ्याकडे बघत होते, आणि मी खाली फरशीकडे पाहिलं.

"बाई, लवकर सांगा. मागे रांग आहे."

आणि आईने नाव सांगितलं. त्या टेबलाशी तिच्या तोंडून आजवर जे एकच नाव निघालं होतं, तेच निघालं. तुझ्या नवऱ्याचं. कारकुनाने यादीवर रेघ मारली, नुसता नंबर पुकारला, तिच्या बोटाला शाई लावली, कागद दिला. मी माझं उत्तर मनात घोकत होते. आईने काय सांगितलं ते मी ऐकलं, पण ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. आईच्याही ध्यानात आलं नाही. ती घरी जाऊन भाकऱ्या थापायला बसली.

संध्याकाळी, गल्लीतली शेवटची बाई परत गेल्यावर, तू घरी आलीस. मला घेऊन टेबलाशी गेलीस, घर नंबर आणि आपलं नाव सांगितलंस. मी तोंड उघडायच्या आतच कारकून म्हणाला, "बाई, तुमचं मत झालंय."

"कसं झालंय? मी आत्ता येतीय."

"सकाळीच झालंय. नवऱ्याचं नाव सांगून मत देऊन गेल्यात. हे बघा."

"काय नाव सांगितलं?"

त्याने वाचून दाखवलं. तेव्हा सगळं माझ्या कानात परत वाजलं, आईचा आवाज, त्याच टेबलाशी, सकाळी. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला माझ्या तोंडावर सगळं दिसलं असणार. नाहीतरी तुला कळायला काय लागत होतं? ते नाव त्या टेबलाशी घेणारी बाई जगात एकच होती.

तेवढ्यात तुमच्या पक्षाचे बापू आत घुसले. "बोगस मतदान! आत्याबाईंचं मत चोरलं! साहेब, मी सांगतो कुनी केलं. ती बांगड्यावाली हिराबाई. सकाळी दोनदा रांगेत पाहिली मी तिला."

हिराबाई दारातच होती. ती दोनदा आली होती हे खरं. दुसऱ्या खेपेला आंधळ्या सासूला हाताला धरून. "माझ्या पोरांची शपथ," ती म्हणत राहिली, "माझ्या पोरांची शपथ, आत्याबाई." केंद्राध्यक्ष भला माणूस होता. त्याने तुला सांगितलं की तक्रार लिहून द्या, तुम्हाला वेगळ्या कागदावर मत देता येईल, पण ते मोजणीत धरत नाहीत. आणि संशय कुणावर आहे ते सांगा. हवालदार हिराबाईच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

तू आपला डावा हात पदराखाली घेतलास.

"थांबा वो," तू म्हणालीस. "आता आठवलं. मत मीच दिलंय. सकाळी. गडबडीत इसरले."

"आत्याबाई, काय बोलताय?" बापू ओरडले. "बोट दाखवा. शाई कुठाय?"

"भांडी घासली न्हाई का राखेनं. गेली पुसून."

पहिला हसला तो कारकून. मग सगळेच हसले, हवालदारसुद्धा. बापू हसले नाहीत. त्यांनी मान फिरवली. ज्या बाईला सगळ्या गल्लीचे नवरे पाठ, ती आपलं मत विसरली. हिराबाई तुझ्या पायाशी वाकली तेव्हा तू तिला म्हणालीस, "ऊठ, येड्यावानी करू नको. मला इसर पडला, त्यात तू काय केलंस?"

घरी आल्यावर तू आईला एकच वाक्य बोललीस, "वहिनी, माझं मत झालं म्हनं." आई परातीतल्या पिठाकडे बघत राहिली, आणि मग तिला कळलं, आणि ती तिथेच बसली. बाबांनी दार लावून घेतलं. ते म्हणाले, चूक असो नाहीतर काही असो, दुसऱ्याच्या नावाने मत देणं गुन्हा आहे, तुरुंग होतो, आणि घरातल्या बाईला कोर्टात उभं करायचं का? "आक्काने निस्तरलंय ना? मग आता कुणी तोंड उघडायचं नाही." तू म्हणालीस, "बरोबर हाय त्याचं." आम्ही तिघांनी तुझा शब्द झेलला आणि सुटलो. इतकं सोपं झालं ते.

पुढे गल्लीने काय केलं ते तू ऐकलंस, आम्हीही ऐकलं. "आत्याबाई, जेवलात का? का इसरलात?" नळावर बायका विचारायच्या. मुलं तुला बघून बोटं दाखवायची. तूही हसायचीस. "व्हय गं, आता देवाचं बोलावनं तेवढं इसरायला नको." आई त्या वेळी घागर घेऊन दुसऱ्या नळाला जायला लागली.

एका सकाळी मी तुला माझ्या टेबलाशी पाहिलं. तू काडेपेटीतली काडी माझ्या शाईच्या बाटलीत बुडवून डाव्या हाताच्या बोटाला, नखाच्या मुळाशी, रेघ ओढत होतीस. खरी शाई राखेनेही पुरती जात नाही, महिना-महिना पुसट रेघ राहते, आणि तुझं बोट कोरं होतं, कुणी पाहिलं तर? दारात उभी असलेली मी तुला दिसले. तू जराही दचकली नाहीस.

"मडम, तुझी शाई लई कच्ची. सांजंपातुर टिकत न्हाई."

बाटली वरच्या फळीवर असायची, तुला टाचा उचलाव्या लागायच्या. दुसऱ्या दिवसापासून मी ती खालच्या फळीवर ठेवली. तुझ्यासाठी मी केलं ते एवढंच. तुझ्या खोट्याचा हात पोचेल अशा जागी शाई ठेवली. तेव्हा मला ते प्रेम वाटलं होतं.

यंदा विधानसभेची निवडणूक आली. बापूंनी तुला नेहमीसारखं पक्षाच्या टेबलावर बोलावलं नाही. "आत्याबाईंना आराम करू दे," असा निरोप आला. तू उंबऱ्यावर बसून गल्लीतल्या बायकांना जाताना बघत होतीस. सोनारीणकाकू मुद्दाम वाट वाकडी करून आल्या. "चल की गं. आमच्या ह्यांचं नाव कोन सांगनार?" आणि तू म्हणालीस, "नगं काकू. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई आता." काकू गेल्या. आई आत कणीक मळत होती. ती मळायची थांबली, मग पुन्हा मळायला लागली. मी पुस्तकाचं पान उलटलं. त्या एका क्षणी आमच्यापैकी कुणीही उठून बाहेर येऊन बोलू शकलं असतं, आत्या. दार उघडंच होतं.

संध्याकाळी शेवटी तू मला म्हणालीस, "चल, तुझा आवाज बाकी हाय माझ्याकडं." आपण दोघी गेलो. कारकून नवा होता. त्याने विचारलं आणि मी तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. मला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने निघालं. दोन माणसांनी वळून पाहिलं. तू मान खाली घालून पदर नीट केलास, नव्या नवरीसारखा, आणि बोट पुढे केलंस. ती शाई खरी होती. परत येताना तू वाटभर बोट उन्हाकडे धरून बघत होतीस. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, निदान तुला तरी, की मला लाज वाटते. मला वाटलं, घरी जाऊन सांगू. मग वाटलं, उन्हाळा सरला की. तू गेलीस तेव्हा ती रेघ नखाच्या टोकाला आली होती.

घाटावरून घरी आल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. "तू लिही," ती म्हणाली. "तुला बोलता येत नाही, मला लिहिता येत नाही. पण माझं नाव घालून लिही."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही. "न्यायचं तर नेऊ दे मला," ती म्हणाली. "त्या माणसानं घर नंबर विचारला, नवऱ्याचं नाव विचारलं. माझं विचारलं असतं तर मी बरोबर सांगितलं असतं."

मग वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले, "आक्का विसरली नव्हती, हे अगदी वर लिही. खाली लिहिलंस तर लोक वाचत नाहीत."

म्हणून ते वर लिहिलं आहे. आणि हे इथे. गेल्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीत आत्याचं मत माझ्या आईने, कमलने, चुकून दिलं. हिराबाईचा त्यात काही संबंध नव्हता. आत्याला सगळ्यांची नावं शेवटपर्यंत पाठ होती.

तुझ्या नवऱ्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते मी एकदा घेतलं, तू सांगितलंस म्हणून. तेवढं पुरे.

आणखी एक गोष्ट आईने काल मला सांगितली. तुझ्या कागदावर तिने शिक्का कुठल्या चित्रावर मारला ते. आपल्या घरातून मत कुणाला जायचं हे बाबा ठरवायचे, असं मला वाटायचं, बाबांनाही वाटायचं. आई एवढंच म्हणाली, "वन्संनी बुचानं शिकवलं होतं तसाच मारला. दर वेळी तसाच मारते." चित्र कुठलं ते मी लिहीत नाही. मत गुप्त असतं, हे तूच रांगेत बायकांना ओरडून सांगायचीस. पण तू गेलीस ते हे न कळताच गेलीस, म्हणून सांगते. आत्या, तुझं मत वाया गेलं नाही.